शुद्धिपत्र

अमरावतीच्या मुद्रितशोधकानं
एक्केचाळीस ठिकाणी 'वावर' खोडून 'शेत' केलं.
मी एक्केचाळीस ठिकाणी परत वावर केलं,
लाल पेनानं, अंगणवाडीच्या खिडकीत,
पोरं खिचडी खाऊन निजल्यावर.

मुखपृष्ठ पुतण्यानं मोबाइलवर बनवलं.
पळस सांगितला होता,
त्यानं गुलमोहर टाकला.
राहू दिला.

प्रकाशक : मीच.
पत्ता : मु. पो. साखरा, ता. दारव्हा.
दिल्लीहून तेरा आकडी नंबर आला,
बारशाआधीच आधार कार्ड निघावं तसा.

किंमतीची जागा मात्र महिनाभर कोरी.
आमच्याकडे माल आपला, भाव दुसऱ्याचा;
आकडा लिहायची हाताला सवय नव्हती.
शेवटी लिहिलं दोनशे वीस,
आणि कुणी ऐकलं तर नाही ना,
म्हणून मागं पाहिलं.

एसटीनं सहा खोकी आली.
"टाइल्स हायेत का मॅडम?" कंडक्टर म्हणाला.
तुरीच्या कोठीशेजारी रचली, खाली विटा देऊन.
गावात सगळ्यात आधी वाचते
ती वाळवी.

पहिली प्रत मदतनीस गोदाबाई कुमरेनं घेतली.
सही येते तिला, वाचता येत नाही.
पानं हुंगली, पदराला हात पुसून पुन्हा हुंगली.
"येच्यात मी हावो का?"
आहे की. पान अठ्ठ्याऐंशी. नाव बदललंय फक्त.
"मंग लोकायले कसं कळन?"

मी लाल पेन काढला.

एका प्रतीत दुरुस्ती झाली.
दोनशे नव्व्याण्णव तशाच आहेत.