ब्रेक

वेर्ण्याच्या कारखान्यात माझं काम बघायचं.
पट्ट्यावरून गोळ्यांच्या स्ट्रिप्स सरकतात,
दहा खळगे, दहा गोळ्या.
एखादा खळगा रिकामा दिसला
की उचलून लाल क्रेटमध्ये.
आठ तास. कुणी आलं नाही तर बारा.

दर सहा महिन्यांनी कंत्राटदार तीन दिवस घरी बसवतो.
त्याला ब्रेक म्हणतात.
चौथ्या दिवशी मी पुन्हा नवी :
नवं कार्ड, नवा फोटो, अनुभव शून्य.
अकरा वर्षांत बावीस वेळा नोकरीला लागले.
आईनं देवीपुढे नारळ ठेवला
तो पहिल्याच वेळी.

ब्रेकमध्ये झोपून घेईन म्हणते.
पाचला डोळे टक्क उघडे.
बस आत्ता बोरीच्या पुलावर असेल.
उकडे तांदूळ निवडायला घेते,
खडा सापडतच नाही, बोटं
ताटात मोकळी जागा शोधत राहतात.
अंघोळीलाही फोन बाहेर कट्ट्यावर,
आवाज मोठा.

मागच्या ब्रेकनंतर इनासिनाला फोन आला नाही.
आम्ही दोघी दोन्हीकडून
जरा जरा सरकलो.
सांगावं लागलं नाही कुणाला.
तिचा डबा अजून माझ्याकडे आहे,
निळ्या झाकणाचा.

आज आला. सोमवारी या.
दोन फोटो आणा, जुना चालत नाही.

शिरोड्याच्या बाजारातला फोटोवाला
तिसऱ्यांदा म्हणतो,
बाई, डोळे उघडे ठेवा.
परत मिटले.