गळा

ऋजुता गांगुर्डेनं पिशवी ओट्यावर ठेवली
आणि आतलं पितळ किणकिणलं.
माझा डावा कान कधीच गेलाय, चाळीस वर्षं हातोडी.
उजवा यंत्रावर चालतो.
त्यानंच ऐकलं आणि म्हटलं,
सत्तर तांबं, तीस जस्त.
तिला वाटलं, मी चेष्टा करतोय.

उडालेली काडतुसं. देवळालीकडच्या रेंजवरची.
"पाचव्या खेपेला फुटतात, काका. इथं."
नखाएवढी चीर, तोंडापासून खाली.

इथंच फुटणार.
कळशी बुडाला चेपते, गळ्याला फुटते.
दर बाराला हा गळा फुगतो,
मग तू दाबून पुन्हा बारीक करतेस.
पितळ काही बोलत नाही, पण मार मोजतं,
आणि मोजता मोजता कडक होत जातं.
आमच्या वडिलांसारखं.
हे तिला बोललो नाही.

परातीत पाणी घेतलं, बूड बुडेल इतकं.
बुडाला आच लागता कामा नये,
सगळा जोर तिथं बसतो, त्यानं कडकच राहावं.
शटर अर्धं ओढलं. भांडी बाजार बाहेर राहिला.
ज्योत गळ्यावर. पिवळ्याचं निळसर, मग मोरपंखी,
आता लाल होईल असं वाटतं
त्याच्या आत आडवं पाडायचं.
चुर्र.
लाल दिसलं म्हणजे उशीर झाला.
"किती सेकंद?" तिनं वही उघडली.
मला सेकंद येत नाहीत.
मुलाला येतात, तो अंबडला सीएनसीवर असतो.

पुढचं तिचं तिनं केलं.
आतली काजळी ब्रशनं, तोंडाची कोर रीमरनं,
मग गळ्याची जाडी सगळीकडून सारखी,
केसाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत.
मी बोट फिरवलं. एका अंगाला जाड लागलं.
तिनं मायक्रोमीटर लावला,
जरा वेळ माझ्याकडं बघितलं,
आणि ते काडतूस पुन्हा घासायला घेतलं.

पैसे विचारले.
बंबाला डाग द्यायचे घेतो.
गळ्याला काय घ्यायचे, ठाऊक नव्हतं.

मग एका रविवारी मला रेंजवर नेलं.
खेप सातवी होती.
सगळ्यांनी कानांवर झापडं चढवली,
मी यंत्र काढून खिशात टाकलं.
बार छातीत ऐकला.
लांब कागदावर भोक कुठं पडलं
ते लोक दुर्बिणीतून बघत होते.
मी खाली वाकलो,
गवतातून गरम पितळ उचललं
आणि फुंकर मारून
गळा बघितला.