अकुलिनाच्या कुंड्या

अकुलिना क्रास्नोदारला गेली, लेकीकडे, कायमची.
गुडघे थंडीला कंटाळले म्हणाली.
जाताना अकरा कुंड्या माझ्या गळ्यात घातल्या
आणि एक वाक्य : प्रोन्या, दर गुरुवारी पाणी.

सप्टेंबरात गुरुवार ठीक होता.

मग आम्ही बॉयलर चढवले.
तेवीस वर्षं मी रात्रपाळीला तिथेच असतो.
याकुत्स्कच्या कितीतरी खिडक्यांना ऊब पाठवतो,
रस्त्याकडेने जाणाऱ्या जाड पाइपांतून,
आणि ती माझ्याआधी माझ्या घरी पोचते,
खिडकीखाली रेडिएटरमध्ये खुडखुडत बसते.
ऑक्टोबर सरेपर्यंत फिकसच्या कडा करपल्या.
पान चुरलं तर बिडीच्या कागदासारखं वाजलं.
हे माझंच काम होतं. पगारी.

फोनवर अकुलिना म्हणाली,
रेडिएटरवर ओला टॉवेल टाक, आणि गुरुवार विसर.
बोट घाल मातीत, दुसऱ्या पेरापर्यंत.
मातीला विचार, कॅलेंडरला काय कळतं.
मग हे आधी सांगायचं ना, बाई!

नोव्हेंबरात काचेला आतून बर्फाची साय धरते.
कुंड्या वीतभर मागे ओढल्या, खाली फळ्या दिल्या.
नळाचं पाणी रात्रभर बादलीत ठेवायचं, अंगाला सोसेल इतपत होऊ द्यायचं,
आणि तेही घोटभर, पंधरा दिवसांतून एकदा.
तीनच्या सुमारास सूर्य धुक्यात बुडतो
तेव्हा मी कामासाठी उठलेलो असतो.
कोरफड काही मागत नाही. फिकस काही मागत नाही.
अंधारात एखादं पान उगाच फुटतं,
लांबट, फिकट, माना उंचावून बघणारं.
फक्त निवडुंगाला डिसेंबरातच फुलं येतात,
भडक गुलाबी,
लग्नाची तारीख चुकून आलेल्या पाहुण्यासारखी.

जानेवारीत, उणे एक्कावन्नला, पंप बसला.
पन्नास मिनिटं.
अफोन्या शिव्या घालत होता, मी व्हॉल्व्हला लोंबकळत होतो.
पलीकडे इस्पितळ होतं, दोन शाळा, बाळंतिणी, म्हातारी माणसं,
आणि माझ्या डोक्यात काय होतं, तर जिरेनियम.
लाज वाटते सांगायला.
इतकी माणसं एका डोक्यात मावत नाहीत.
कुंडी मावते.

सकाळी घरी आलो तर खिडकी रिकामी.
शेजारची क्युन्नेइ, दहावीतली, तिच्याकडे किल्ली असते.
तिने सगळ्या कुंड्या न्हाणीघरात नेलेल्या,
वर माझा मेंढीचा कोट पांघरलेला,
आत त्या एकमेकींना चिकटून बसलेल्या.
मोजल्या. दहा.
अकरावी पडद्यामागे राहिली होती, काचेला टेकून.
जिरेनियम.
पानं उकडलेल्या भाजीसारखी काळी, लोळागोळा.
क्युन्नेइ रडायला लागली. मी म्हणालो, चहा पिऊन जा.
चाकूने चार बोटं खुंट ठेवला, बाकी कापलं,
कुंडी कपाटावर ठेवून दिली.

अकुलिनाला सांगितलं, सगळी मजेत आहेत.
दाखव ना, म्हणाली.
मी फोन फिकसकडे वळवला
आणि हात थोडा हलवला, मुद्दाम, चित्र फाटावं म्हणून.

मे महिन्यात लेनेवरचा बर्फ फुटला,
त्याच आठवड्यात खुंटावर एक डोळा आला,
मोहरीएवढा, हिरवा.
आता हे कुणाला सांगू?
ते मेलं होतं, हेच तर कुणाला सांगितलं नाही.
खाली अंगणात जाऊन क्युन्नेइला हाक मारली.
ती परीक्षेचं पुस्तक हातात घेऊनच जिना चढली.

जूनमध्ये रात्र पडत नाही.
आमचे बॉयलर गार पडलेले, पाइपांवर पोरं चालतात,
आणि झाडं पिसाटल्यासारखी वाढतात, विसावा नाही.
त्यांनाही अंधार लागतो म्हणे.
म्हणून अकरा वाजता मी तो जाड पडदा ओढतो
जो हिवाळाभर दिवसा ओढून मी झोपायचो.
त्याला माझा वास आहे, डिझेलचा, तंबाखूचा.

ओढतो, आणि अंधारात खुर्चीवर थोडा वेळ बसतो.
पाणी घालायचं नाहीये. गुरुवार आहे बहुतेक.