पोच

अक्कलकोट रोड एमआयडीसी, शेड नंबर नऊ.
शिडीवर उभा राहून निळी केबल ओढतोय.
एप्रिल. डोक्यावर तापलेला पत्रा.
आत आठ तारा, जोडीजोडीनं पिळलेल्या:
पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी,
क्रम चुकला की दिवा लागत नाही.
खाली अठ्ठावीस माग टॉवेल विणतायत
आणि प्रत्येकाची मोजणी
मालकाला पुण्यात बसून मोबाईलवर पाहिजे.

याच शेडमध्ये नायना एकतीस वर्षं होते.
कान इथंच गेले. डावा आधी.
कुणाच्या लक्षात आलं नाही,
सगळेच ओरडायचे इथं.

पॉलिटेक्निकात मडूर सर फळ्यावर लिहायचे:
नॉइज, म्हणजे संदेशात मिसळलेलं नको ते.
मी वहीत उतरवून घेतलं
आणि खटखट ऐकू आली.

काल जेवताना म्हणाले, तू करतोस तरी काय बे तिथं?
ते बोलतात, मी कागदावर लिहितो.
एका वेळी एकच बाजू,
हाफ डुप्लेक्स घर आमचं.

लिहिलं: पॅकेट.
मोठं पत्र एकदम जात नाही, तुकडे करायचे,
प्रत्येकावर नंबर, कुठून आला, कुठं जाणार.
म्हणाले, कांड्या.
तसं नाही. कांडी धोट्यात बसून एकाच वाटेनं फिरते,
हे तुकडे जमेल तसे निघतात,
एखादा सात रस्त्यानं, एखादा विजापूर वेशीतून,
पोचल्यावर नंबर बघून जुळवायचे.
आणि हरवला एखादा तर?
परत मागवायचा.
हसले. आमचा पगारातनं कापायचे.

आयपी आणि मॅक त्यांना लगेच पटले.
साखर पेठेतली खोली, मग विडी घरकुल:
पत्ता बदलला, माणूस तेच.
स्विच नाही आवडला.
हब बरा, म्हणाले, एकाचं आलेलं सगळ्या गल्लीला सांगणारा.
ज्याचं त्यालाच दिलं
तर पोरगी झाल्याचे पेढे मागायला कोण येणार?

शेवटी लिहिलं: हँडशेक.
ऐकू येतंय का?
येतंय. तुला येतंय का?
येतंय, बोल.
तीन ओळी. त्यांनी कागद बराच वेळ धरून ठेवला,
मग ताटावरून उठले, उष्ट्या हातानंच,
आणि दाखवलं.
मी हात वर करायचा. पलीकडून राजमोगली हात वर करणार.
मी मान हलवायची. मगच खूण.
दोन बोटं, धागा तुटला. मूठ, बीम संपत आला.
अंगठा ओठाशी, चहा.
कुणी शिकवलं?
कुणी नाही. ठरलं.

प्रोटोकॉलची व्याख्या तीन वर्षं पाठ केली होती मी.
एवढी आखूड नव्हती.

राजमोगली मग भिवंडीला गेला, न सांगता.
किती दिवस हात वर करत होते
ते त्यांनी सांगितलं नाही.
टाइमआउट हा शब्द मी लिहिला नाही.

आज प्लग दाबला. हिरवा दिवा.
पिंग टाकला, एका मिलिसेकंदात उत्तर.
अठ्ठावीसच्या अठ्ठावीस बोलायला लागले पुण्याशी.
वरून बघतो तर शेडच्या त्या टोकाला
ओडिशातून आलेला एक पोरगा, नाव माहीत नाही,
माझ्याकडं बघून हात वर करून उभा.
क्रिंपर खिशात घालायला जरा वेळ लागला.
मी हात वर केला.
त्यानं मान हलवली,
आणि अंगठा ओठाशी नेला.