दोर

कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला एक टोक,
दुसरं माझ्या मनगटाला गुंडाळलेलं.
रस्सीखेचीचा दोर. हेडाऊ सरांनी
रजिस्टरवर सही घेऊन दिला,
म्हणाले, "निखारेबाई, डिसेंबरात स्पोर्ट्स आहेत,
तेव्हा वापस लागन."

पावणेसात ते साडेसात.
हनुमाननगरची ही गल्ली तेवढा वेळ गाड्यांना बंद.
पांढरीपांडे मॅडमनी पालकसभेत सांगितलं
तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या
आणि दुसऱ्या दिवशी सगळेच गाडी घेऊन आले.

सिमेंट रोड झाला तेव्हा गल्ली दीड फूट वर चढली,
घरं खाली राहिली.
त्या उंचीवरून येत या काळ्या, पांढऱ्या गाड्या,
एकेका गाडीत एकेक पोरगं,
मागच्या सीटवर मोजे चढवत,
तोंडात पराठ्याचा घास.
घर कुठं? तर पाण्याच्या टाकीमागं.
माझी हाक तिथवर पोचते.

पहिल्या दिवशी एकानं काच खाली केली.
"तुम्ही कोण?"
शिपाई, म्हटलं.
"मग दोर काऊन धरून राहिल्या?"
सोडला तर तुम्ही जाल ना, म्हणून.
मागून हॉर्न. मी मोजले, अकरा.
त्याची मुलगी, शर्वाणी ठवकर, सहावी ब,
आपणच दार उघडून उतरली,
दोराखालून वाकून गेली
आणि थांबली.
रस्त्याच्या कोणत्या बाजूनं चालायचं
तिला माहीत नव्हतं.
मी दाखवलं नाही, हात गुंतलेला होता.
तिनं दोन्ही बाजू करून पाहिल्या.

एकोणीस वर्षं झाली मला या शाळेत.
प्रार्थनेला दुसरं कडवं आहे
हे मला या ऑगस्टात कळलं.
पलीकडचा पोहेवाला झारा आपटतो
तर्रीच्या गंजावर, तेही ऐकू येतं,
आणि पाठीवर हिंदकळणाऱ्या बाटल्या,
आणि कुणाच्या तरी सायकलचं सैल चेनकव्हर,
रोज म्हणते, बाबाला सांग, तो काही सांगत नाही.

लेट रजिस्टर माझ्याकडेच असतं.
आधी कारणाच्या रकान्यात वरून खाली
जाम, जाम, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे.
आता लिहावं लागतं.
मीटरच्या पेटीत बुलबुलची पिल्लं.
चप्पल नालीत गेली.
यथार्थच्या सायकलवर तिघं, तिघंही पडले.
कुत्री ओळखीची झाली, सोडेना.
शेवाळ पाहत होतो.
मॅडम हल्ली हे रजिस्टर घरी नेतात.

सगळं बरंच झालं असं नाही.
गाड्या आता मागच्या गल्लीत थांबतात,
तिथले पराते काका मला दिसेल तिथं बोलतात,
बोलणं खोटं नाही त्यांचं.
व्हॅनवाला गोपीचंद म्हणाला, बाई, तेरा पोरं गेली माझी.
त्याला मी चहा दिला. दुसरं काय देणार.
आणि मी येते दिघोरीहून, शेअर ऑटोनं.
माझा पोट्टा उमरेड रोड ओलांडून शाळेत जातो,
त्या वेळी मी इथं
दुसऱ्यांच्या लेकरांसाठी उभी असते.
तिकडे दोर पुरणारही नाही, एवढा रुंद आहे रस्ता.

डिसेंबर आला. हेडाऊ सर दोर घेऊन गेले.
सकाळी धुकं, स्वेटरच्या बाह्यांत हात ओढलेले.
मनगटावर वळ होता, दोर नव्हता,
तरी मी रोजच्या जागी जाऊन हात आडवा धरला,
सवय म्हणा.
ग्राउंडवरून ओढाओढीचा आरडाओरडा येत होता.
पहिली गाडी थांबली. दुसरीही.
दोर नाही हे त्यांना दिसत होतं.
एक स्कूटरवाला मात्र थांबला नाही,
सरळ गेला माझ्यासमोरून,
पण जाताना
मान खाली घालून वाकला.