शेरा: जवळचा

सावद्याच्या पॅकहाऊसवर माझं टेबल
वजनकाट्याशेजारी, पंख्याच्या उलट्या बाजूला.
केळी माझ्यापर्यंत येतच नाहीत.
येतात खोकी, फोम, पॅलेट, आणि त्यांचे दर.

रमजान तडवींचं पॅलेट
इंदूरवाल्यापेक्षा अठरा रुपयांनी महाग.
त्या रकान्याला मी लाल रंग दिला.
ते म्हणाले, "लाल तं लाल, भाऊ. नंबर लिवून ठिवा."

मग मे महिन्यातली ती रात्र:
इंदूरचा ट्रक असीरगडाच्या घाटात, एक्सल मोडून,
दारात कंटेनर, तेरा अंशांवर घुरघुरत,
भरायची राहिलेली एकवीस टन हिरवी केळी
आणि बारा वाजून गेले तरी भट्टीतला वारा.
तडवींनी तिसऱ्या रिंगला उचलला.
यावलहून पिकअप आली, दोन खेपा.
फळ्यांना ताज्या रंध्याचा वास,
खिळे ठोकत आलेला पोरगा मागेच झोपलेला,
हातोडी उशाला.

हे कुठल्या रकान्यात घालायचं?

यंदा ऑडिटचे फालक साहेब विचारतात,
दर जास्त, तरी निवड का?
शेऱ्यात मी लिहिलंय: जवळचा.
ते चष्मा कपाळावर सरकवतात.
"जवळचा म्हणजे? नात्यातला?"

मी यावलचं अंतर सांगतो.
किलोमीटरमध्ये.