गावाची धुणी

मंगळवारी रात्री येते ती पिशवी.
अठरा जर्सी, हिरव्या, छातीवर पांढरा पट्टा,
दहा वर्षांखालच्या पोरांचा गेलिक फुटबॉलचा संघ.
स्लायगोच्या या किनाऱ्यावर ऑक्टोबर म्हणजे चिखलच,
आणि मशीन माझ्या मागच्या पडवीत,
गेलेल्या नवऱ्याच्या सायकलीशेजारी.

मी सामना कधी पाहत नाही. गरज नसते.
कोपरं घासलेली, तो गोलकीपर.
पाठीला चिखल म्हणजे पडला, पोटाला चिखल म्हणजे पाडलं.
नऊ नंबरच्या बाहीला कायम शेंबूड,
चारच्या कॉलरला जॅम.
आणि तेरा, म्हणजे फियाक्रा, ब्रेस्लिनांचा धाकटा,
त्याची जर्सी पिळली तर अर्धं शेत निघायचं.

निघायचं.

हॅलोवीनच्या आठवड्यात तेरा नंबर कोरडी आली.
पुढच्या मंगळवारीही.
कोरडी, आणि घडी घातलेली.
नऊ वर्षांचा पोरगा घडी घालत नाही हो.
चार पोरं वाढवलीत मी, मला घडीतलं कळतं.
बाह्या आत, कडा जुळवून, दुकानातल्यासारखी.
ही घडी मोठ्या माणसाच्या हातची होती,
ज्याच्याकडे वेळ होता.

पिशवी आणणाऱ्या पोराला विचारलं. तो म्हणाला,
तेराला मॅलकी वेगळं शिकवतो, आतल्या खोलीत. गुण आहेत पोरात.
घरी सोडतोही तोच.

मॅलकी.
ज्यानं माझ्या नवऱ्याच्या शवपेटीला खांदा दिला.
ज्यानं गावात एकोणीस वर्षांनी ढाल आणली.
ज्याच्या गाडीतून माझीही दोन पोरं

इथं मी मशीन बंद केलं.

तीन मंगळवार गिळले मी.
खरं तेवढं सांगते. तीन.
काय सांगणार होते? जर्सी मळली नाही?
कपडा स्वच्छ आला म्हणून
जगात कुणी तक्रार केलीय कधी?

चौथ्या मंगळवारी ती घडी मोडली नाही.
तशीच कागदात गुंडाळून ग्रोन्याकडे नेली.
पोस्टात असते ती. क्लबातल्या मुलांच्या सुरक्षेचं कामही तिच्याकडे;
मैदानाच्या भिंतीवर तिचा फोटो आहे, खाली फोन नंबर,
पाच वर्षं कुणी वाचला नव्हता.
तिनं पुरावा मागितला नाही.
मॅलकीविषयी माझं मत विचारलं नाही.
काय पाहिलं, कोणत्या दिवशी, एवढंच,
आणि लिहून घेतलं माझ्याच शब्दांत. ‘घडी’ दोनदा आलं त्यात.
मग काउंटरची खिडकी लावून तिनं फोन उचलला.
पुढचं माझ्या हातात नव्हतं. नसावंच.

गाव म्हणालं, नोरीनला उद्योग नाही,
बसलीय गावाची धुणी धूत.

बरोबर आहे.
एकवीस वर्षं धुतेय. पावडरही माझ्याच पैशांची.

खाटीक अजून बोलत नाही माझ्याशी.
काय निघालं, मला कुणी सांगितलं नाही.
मॅलकी मैदानावर दिसत नाही.
आतल्या खोलीच्या दाराला आता काच आहे,
मोठी माणसं असतात तर दोन, नाहीतर एकही नाही,
आणि एकट्या पोराला कुणी गाडीत घेत नाही,
पाऊस असला तरी. सगळी छपराखाली थांबतात
केकाटत, एकमेकांना ढकलत, आयांची वाट बघत.

थोरल्याला फोन केला मी, सिडनीला.
हवेचं बोललो.
मग मी मॅलकीचं नाव घेतलं.
तो गप्प झाला.
मी फोन ठेवला नाही. त्यानंही नाही.

मार्चमध्ये आली तेरा नंबर.
बोळा करून कोंबलेली, एक बाही उसवलेली,
गळ्यापर्यंत चिखल, आत गवत,
आणि कशी कोण जाणे, एक शिंपली.
थंड पाण्यात भिजत घातली.
मळ सुटेना.
मला घाई नव्हती.